आयर्लंडची मैदाने आणि तिथल्या बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आयर्लंडातले खेळ हा विषय महिला मंडळात कशासाठी, असे काहीजणींच्या मनात आले असेल. पण तो देश आपल्याला अगदीच परका नाही. १९१६ साली बेळगावास लोकमान्यांनी होमरूल लीग काढली, ते नाव तिकडचे. बॉयकॉट हा शब्दही तिकडचाच. १८८० साली मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन बॉयकॉटशी गावाने बोलणेचालणे, देणेघेणे सारे बंद केले आणि त्या गृहस्थाचे नाव कायमचे कोशात जाऊन बसले!

त्या काळी आयर्लंडात शर्यती, उड्या, हातोडाफेक यांचे सामने भरत, परंतु त्यांचा कारभार बड्या लोकांच्या हाती असे. मोलमजुरी करणाऱ्याला तेथे सहसा मज्जाव. शिवाय खेळ शनिवारी, आणि कष्टकऱ्याला सुटी मिळे ती रविवारी. म्हणजे दार उघडे ठेवले तरी तो यायचा कधी? हे मायकेल क्युसॅक या शिक्षकाला सलू लागले. हा गृहस्थ डब्लिनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षांचे वर्ग चालवीत असे, स्वतः रग्बी खेळलेला, स्वभावाने तापट. त्याने वर्तमानपत्रांत लेख लिहिला आणि १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावी हेज यांच्या हॉटेलात बैठक बोलावली. बैठकीला मूठभरच माणसे होती. तेथे गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचा जन्म झाला. नामांकित हातोडाफेकपटू मॉरिस डेव्हिन अध्यक्ष झाला.

आश्रयदाते म्हणून तीन मोठी नावे मिळाली: कॅशेलचे आर्चबिशप क्रोक, पुढारी पार्नेल, आणि लहानपणी इंग्लंडातल्या कापडगिरणीत एक हात गमावलेला मायकेल डेव्हिट. क्रोक यांनी स्वीकाराचे पत्र लिहिले, त्यात परक्या मालाबरोबर परकी चालरीत आणि परके खेळ आपण कसे उचलले, याची तक्रार होती. आपल्या स्वदेशीच्या चळवळीच्या वीस वर्षे आधीचे हे पत्र! गंमत अशी की पार्नेल स्वतः क्रिकेटचा हौशी खेळाडू होता.

त्यांचा मुख्य खेळ हर्लिंग. अॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला रुंद आणि वळलेली काठी. तिने चामड्याचा चेंडू जमिनीवरून मारायचा, हवेतूनही मारायचा. आता एका बाजूला १५ गडी असतात, आरंभी २१ पर्यंत असत. संघ बहुधा गावाचा किंवा चर्चच्या पॅरिशचा. माझ्या मते यश आले ते यामुळेच. खेळणारा आपल्या वाडीच्या नावाने खेळे, आणि बघायला घरचीच माणसे येत. अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ सालची, पण तिचा हर्लिंगचा अंतिम सामना बर गावी झाला तो १ एप्रिल १८८८ रोजी. टिपररी जिंकली.

परंतु संस्था म्हटली की भांडणे आलीच. दोन वर्षांच्या आत, १८८६ साली, क्युसॅकलाच चिटणीसपदावरून दूर केले गेले. गुप्त क्रांतिकारक मंडळींनी समित्यांत शिरकाव केला, तेव्हा पुष्कळ धर्मगुरू बिथरले. मग १८९० साली एका घटस्फोटाच्या खटल्यात पार्नेलचे नाव आले आणि सारा देश दुभंगला. क्लब दुभंगले, कित्येक बंद पडले. ऑक्टोबर १८९१ मध्ये पार्नेल वारला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत खेळाडू हर्लिंगच्या काठ्या घेऊन चालले. संस्था सावरायला पुढे बरीच वर्षे लागली.

आता आपल्या विषयाकडे येते. थर्ल्सच्या त्या बैठकीत एकही बाई नव्हती. याचा अर्थ आयर्लंडच्या बायका सार्वजनिक कामात नव्हत्या, असा मात्र कोणी करू नये. जानेवारी १८८१ मध्येच पार्नेलची बहीण अॅना हिने बायकांची लँड लीग उभी केली होती. त्याच ऑक्टोबरात पार्नेल आणि इतर पुढारी तुरुंगात गेले, तेव्हा शेतकऱ्यांचा सारा लढा या बायकांवर येऊन पडला. घरातून हुसकावलेल्या कुळांसाठी झोपड्या उभारणे, कैद्यांच्या बायकामुलांना मदत पोचवणे, खेडोपाडी सभा घेणे, सारे त्यांनी केले, आणि काहीजणी तुरुंगातही गेल्या. डब्लिनच्या आर्चबिशप मॅकेब यांनी, बायकांनी घराबाहेर पडून राजकारणात येणे मर्यादेला सोडून आहे, असा ठपका ठेवला. क्रोक मात्र बायकांच्या बाजूने बोलले.

पुढे १८८२ साली पार्नेल सुटला, सरकारशी त्याचा समेट झाला आणि त्याने बहिणीच्या संस्थेचा पैसा बंद केला. ऑगस्टपर्यंत ती मोडली गेली. काम करून घेतले, आणि काम संपताच घरी जा म्हणून सांगितले! अॅना पुन्हा भावाशी बोलली नाही. तिने आपली हकिगत लिहून ठेवली, ती छापून यायला १९८६ साल उजाडले. १९११ साली ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहत असता बुडाली.

मैदानावर बायका आल्या त्या वीस वर्षांनी. गेलिक भाषेच्या चळवळीतल्या तरुणींनी १९०३ च्या सुमारास हर्लिंगचे आपले रूप बसवले. पुरुषांच्या काठीला ‘कामान’ म्हणतात, यांच्या आखूड काठीला ‘कामोग’. त्यावरून खेळाचे नाव कमोगी पडले. पहिला जाहीर सामना जुलै १९०४ मध्ये नॅव्हन येथे झाला. घोळदार झगे घालूनच खेळायचे, तेव्हा झग्याने मुद्दाम चेंडू अडवणे हा गुन्हा, असा नियमच करावा लागला. नऊवारीत फुगडी घालणाऱ्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको.

त्याच पिढीतली एक आयरिश बाई पुढे आपल्याकडे आली. मार्गारेट कझिन्स ही रॉसकॉमन परगण्यातली. १९०८ साली मताच्या हक्कासाठी तिने डब्लिनमध्ये संस्था काढली होती. १९१५ साली ती हिंदुस्थानात आली. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे तिची खटपट होती. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या, आणि तेथे मुख्य चर्चा झाली ती मुलींच्या शिक्षणाची.