खाली न ठेवता दहा मिनिटे

आमच्या पापडीच्या बाजारात आता विजेचे काटे आले. तरी एखाद्या भाजीवालीच्या पाटीपाशी लोखंडी वजन अजून दिसते. ते व्यायामाचे साधन आहे, असे तिला सांगाल तर ती हसेल. पण आज ज्या खेळाविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे, त्याचा जन्म असाच तराजूपाशी झाला असे सांगतात.

रशियात धान्य तोलायला लोखंडी गोळे वापरीत. वर धरायला जाड मूठ. त्याला तिकडे गिर्या म्हणतात. आपल्याकडे तो इंग्रजीवाटे ‘केटलबेल’ होऊन आला. त्याचे माप पूद. आपला मण चाळीस शेरांचा, तसा त्यांचा पूद चाळीस रशियन पौंडांचा, म्हणजे सुमारे १६.३८ किलो. १९५६ च्या कायद्यानंतर आपला मण व्यवहारातून गेला. पूद मात्र या खेळात टिकून राहिला. स्पर्धेतली मुख्य वजने १६, २४ आणि ३२ किलोंची. एक, दीड आणि दोन पूद!

गोणी उचलणाऱ्यांच्या पैजांना शिस्त यायला बराच काळ लागला. १८८५ साली पीटर्सबर्ग येथे डॉक्टर क्रायेव्हस्की यांनी व्यायामप्रेमींचे मंडळ काढले, त्यात हे गोळे होतेच. पण सोव्हिएत संघात सर्वांना लागू अशी नियमावली झाली ती थेट १९८५ मध्ये, आणि त्याच वर्षी लिपेत्स्क गावी पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. पुढे १९८९ मध्ये दहा मिनिटांची मर्यादा आली. आता भारतातही या स्पर्धा होतात.

ही दहा मिनिटे नीट समजून घ्या, कारण सारा खेळ त्यांतच आहे. एका प्रकारात दोन गोळे छातीपासून डोक्यावर न्यायचे आणि पुन्हा छातीशी आणायचे. दुसऱ्यात एकच गोळा दोन्ही पायांमधून झुलवून एका दमात वर न्यायचा. त्यात हात बदलायची परवानगी एकदाच. हात सरळ करून गोळा वर स्थिर झाला, तरच पंच तो आकडा धरतो. आणि मुख्य अट अशी, की गोळा जमिनीला टेकवला की तुमचा डाव संपला. सोळा-सोळा किलोंचे दोन गोळे मिनिटाला दहा वेळा, असे दहा मिनिटे वर नेले, तर गणित करा: तीन हजार दोनशे किलो!

मग विसावा कुठे घ्यायचा? ओझ्याखालीच! कोपरे कमरेच्या हाडावर टेकायची, गोळे छातीशी आणि दंडाशी विसावू द्यायचे, गुडघे सरळ ठेवायचे आणि तिथे श्वास घ्यायचा. स्नायूंनी तोललेले ओझे हाडांवर सोपवायचे. हे काही परदेशी गुपित नव्हे. वाडीतून पाटी घेऊन बाजारात येणारी बाई काय करते? डोक्यावर चुंबळ ठेवते आणि भार मानेवरून सरळ कण्यावर उतरवते. हातांनी ती पाटी फक्त सावरते. हाताने उचलून आणायची म्हटले, तर वाटेतच बसेल बिचारी.

आपल्या तालमीतही असे काही नव्हते का, असे तुम्ही विचाराल. होते की! पण नाल उचलणे याच्या जवळचे नव्हे. नाल एकदा उचलला की वाहवा होते आणि पैलवान मोकळा होतो. याचे खरे नाते जोडीशी. जोडी फिरवणारा ‘हात’ मोजीत जातो, झोक्याला झोका जोडीत जातो. ती जोडी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी उचलली आणि आपल्या कवायतीत नेली. आपण मात्र तिला तालमीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. असो.

वसई रोडला सकाळची गाडी धरून तासाभराहून अधिक काळ एका हाताने कडीला लोंबकळणाऱ्या आमच्या तरुणांना हा खेळ मानवेल, असे माझे मत आहे. जागा चटईएवढी पुरते. पण त्यांची एक खोड जायला हवी. मित्र बघताहेत म्हणून पहिल्याच दिवशी चोवीस किलो उपसायचे आणि आठवडाभर पाठ शेकत पडायचे, हे आपल्याकडे फार चालते. पाठीचा बाक करून हाताने ओढलात, तर आठ किलोसुद्धा पाठ धरायला पुरेत. गोळ्याचे वजन मुठीच्या खाली लोंबते, म्हणून तो लंबकासारखा झुलतो; त्याला फेकायचे ते पायांनी आणि कमरेने. हात म्हणजे नुसता दोर.

तेव्हा आरंभी जाणत्या शिक्षकाकडून झोका शिका. हृदयविकार, अंतर्गळ किंवा पाठीचे जुने दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मग आठ किलोंचा एक गोळा घ्या, समोर घड्याळ ठेवा आणि दोनच मिनिटे करा. वेग असा ठेवा की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मधूनमधून उत्तर देता यावे. ते देता येईनासे झाले, तर गोळा छातीशी आणून दोन श्वास घ्या. तळहाताला घट्टे पडतील, ते घासून सपाट ठेवा; वाढू दिलेत तर एक दिवस मुठीत अडकून सोलून निघतील, आणि मग आठ-दहा दिवस सारेच बंद.