पोटासाठी खेळलेला फलंदाज : सर जॅक हॉब्ज
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



पालकसभेत एक प्रश्न हमखास निघतो. “गुरुजी, पोरगा दिवसभर बॅट घेऊन हिंडतो. खेळून का कुणाचे पोट भरते?” प्रश्न रास्त आहे. त्याला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा, ज्याने तीस वर्षे खेळूनच घर चालवले अशा एका माणसाच्या आयुष्याचा हिशेब मी आपल्यापुढे मांडतो.

इंग्लंडात आपल्या जिल्ह्यांसारखे परगणे आहेत. त्यांना कौंटी म्हणतात. या कौंट्यांचे संघ उन्हाळाभर एकमेकांशी सामने खेळतात. पूर्वी या संघांत दोन जातींचे खेळाडू असत. हौशी खेळाडू म्हणजे ‘जंटलमन’. ते बहुधा सुखवस्तू घरचे असत. दुसरे धंदेवाईक, ते पगार घेऊन खेळत. एकाच संघात असूनही दोघांच्या खोल्या निराळ्या आणि कित्येक मैदानांवर आत येण्याची फाटकेही निराळी! कप्तानपद बहुतेक जंटलमनकडेच जाई. हा भेद १९६२ साली रद्द ठरला आणि १९६३ च्या हंगामापासून सारे केवळ ‘क्रिकेटपटू’ झाले.

जॅक हॉब्ज या दुसऱ्या, पगारी जातीतला. १६ डिसेंबर १८८२ रोजी केंब्रिज येथे त्याचा जन्म झाला. बारा भावंडांत तो थोरला. वडील तेथील जीझस कॉलेजच्या मैदानाची निगा राखत. कॉलेजातल्या नोकरमंडळींबरोबर हा मुलगा स्टंपची बॅट करून टेनिसच्या चेंडूने खेळे. कुणी शिक्षक नेमला नव्हता. चांगले खेळाडू कसे खेळतात ते बघायचे आणि आपण करून पाहायचे, हीच त्याची शाळा.

१९०२ मध्ये वडील वारले. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि थोरला मुलगा अवघा एकोणीस वर्षांचा. त्याने शेजारच्या एसेक्स कौंटीकडे विचारणा करून पाहिली, पण तिथे डाळ शिजली नाही. मग केंब्रिजचाच टॉम हेवर्ड हा नामवंत फलंदाज मदतीला आला. त्याच्या शब्दावरून १९०३ मध्ये सरे कौंटीने हॉब्जची परीक्षा घेतली आणि त्याला ठेवून घेतले. पण नियम असा होता की, परगण्याबाहेर जन्मलेल्याने तिथे दोन वर्षे राहिल्यावाचून कौंटीच्या सामन्यांत खेळता येणार नाही. दोन वर्षे तो थांबला, दुय्यम सामने खेळत राहिला.

१९०५ मध्ये ओव्हल मैदानावर तो पहिला मोठा सामना खेळला. समोरच्या संघाचे कप्तान होते खुद्द डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. हॉब्जने १८ आणि ८८ धावा केल्या. पुढचा सामना एसेक्सशी, म्हणजे ज्यांनी दार उघडले नाही त्यांच्याशीच होता. त्यात त्याने १५५ धावा काढल्या! विद्यार्थी मित्रहो, नकाराला उत्तर द्यायचे तर ते असे द्यावे.

आता पालकांनी लक्ष द्यावे असा भाग सांगतो. धंदेवाईक खेळाडूचा पगार मुख्यतः उन्हाळ्याचा. हिवाळ्यात कित्येकांना दुसरे काम शोधावे लागे. फॉर्म गेला की करार संपला. पुष्कळ वर्षे सेवा झाली म्हणजे कौंटी त्याच्या मदतीसाठी एक सामना देई आणि त्याचे उत्पन्न त्याला मिळे. पण त्या दिवशी पाऊस पडला तर नशीब! हॉब्जचा असा सामना १९१४ मध्ये ठरला आणि नेमके महायुद्ध पेटले. ओव्हल मैदान लष्कराने घेतले, सामना लॉर्ड्‌सवर हलवावा लागला आणि मिळकत बेताचीच झाली. कौंटीने १९१९ मध्ये त्याला पुन्हा सामना दिला. त्याच सुमारास हॉब्जने लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर क्रीडासाहित्याचे दुकान काढले. खेळ ऐन भरात असताना त्याने म्हातारपणाची तजवीज केली!

युद्धाने त्याचे चार हंगाम गेले. १९२१ मध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्याने तो मरता मरता वाचला. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. पण १९२५ च्या एकाच हंगामात त्याने १६ शतके आणि तीन हजारांवर धावा केल्या. त्याच ऑगस्टमध्ये टॉन्टन येथे सॉमरसेटविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढून त्याने ग्रेस यांचा १२६ शतकांचा विक्रम मागे टाकला. १९२९ मध्ये मेलबर्नला कसोटी शतक केले तेव्हा त्याचे वय ४६ होते. इतक्या वयात कसोटी शतक अद्याप दुसऱ्या कुणी केलेले नाही.

हे कशाच्या बळावर? त्या काळी खेळपट्टी झाकत नसत. पावसानंतर चेंडू कसाही उसळे. अशा वेळी जोर कामाला येत नाही. पाय नीट हलवणे, चेंडू उशिरापर्यंत पाहणे आणि धीर धरणे हेच कामाला येते. आणि तो नुसता फलंदाज नव्हता. १९११-१२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने आपल्या क्षेत्ररक्षणाने पंधरा जणांना धावबाद केले होते.

१९३४ मध्ये तो निवृत्त झाला. रूढ नोंदीप्रमाणे ६१,२३७ धावा आणि १९७ शतके! आज कौंट्यांचे लांब सामने इतके कमी झाले आहेत की हा आकडा कुणी गाठील असे वाटत नाही. १९५३ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. धंदेवाईक क्रिकेटपटूला हा मान प्रथमच मिळत होता. मैदान राखणाऱ्याचा मुलगा सर जॅक झाला. २१ डिसेंबर १९६३ रोजी ते वारले. खेळाडूंमधला तो जातिभेद संपलेला पाहूनच गेले.

पालकहो, खेळून पोट भरते काय, याचे उत्तर ‘होय’ असे आहे. पण ते शेकडो मुलांत एखाद्याचे भरते आणि त्या एकालाही दुकान काढावे लागते. म्हणून मुलाची बॅट चुलीत घालू नका आणि त्याचे पुस्तकही मिटू देऊ नका. संध्याकाळचा तास त्याला मैदानावर द्या, रात्रीचा तास अभ्यासाला मागून घ्या.

आणि मुलांनो, तुम्ही हॉब्जची शतके मोजाल, ती जरूर मोजा. पण पहिल्या शतकाआधी तो दोन वर्षे थांबला होता, तीही मोजा.