एक आवाज, चार खोल्या

आदिलाबादचे आकाशवाणी केंद्र १९८६ साली सुरू झाले. तेलुगू, गोंडी, मराठी आणि उर्दू या भाषा जेथे एकाच बाजारात कानी पडतात, अशा जिल्ह्यात केंद्रावरून निघालेला एकच कार्यक्रम असंख्य संच ऐकतात, आणि एका संचाने तो घेतला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला काही कमी येत नाही. घरातील एका संचाचा आवाज तारेवाटे चार खोल्यांत न्यावयाचा म्हटले की मात्र प्रश्न सुरू होतात.

जुन्या धाटणीचे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. ओसरीवर रेडिओ आहे. तोच कार्यक्रम माजघरात, स्वयंपाकघरात आणि माडीवरही ऐकू यावा, अशी घरच्या मंडळींची इच्छा आहे. पहिला विचार सुचतो तो एकाच ॲम्प्लिफायरला चार स्पीकर जोडण्याचा. आठ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले तर मिळून दोनच ओहम होतात. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायरांना एवढा भार सोसत नाही. ते तापतात आणि शेवटी जळतात. म्हणून प्रत्येक खोलीला स्वतंत्र ॲम्प्लिफायर देणे श्रेयस्कर. त्यात आणखी एक सोय अशी की, माजघरात निजलेल्या आजीला आवाज मंद ठेवता येतो आणि माडीवरच्या नातवाला मोठा.

एका उगमापासून चार ॲम्प्लिफायरांना आवाज वाटून देणे वाटते तितके अवघड नाही. आजच्या रेडिओचा किंवा फोनचा निर्गम शंभर ओहमांच्या आसपास असतो, आणि ॲम्प्लिफायरचा प्रवेश दहा हजार ओहम किंवा त्याहून अधिक. असे चार प्रवेश समांतर जोडले तरी उगमावर अडीच हजार ओहमांचाच भार पडतो. आवाजातील घट कानाला जाणवतही नाही. जुन्या ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकअपची गोष्ट निराळी. ते थेट वाटून घेतले की खर्जाचे स्वर क्षीण होतात. तेथे मध्ये एक लहानसा वर्धक हवाच. उलट, दोन उगमांच्या तारा एकत्र पिळून एका ॲम्प्लिफायरात घालणे चूक होय, कारण मग एक उगम दुसऱ्यावर भार होऊन बसतो. स्टिरिओचे डावे-उजवे एकत्र करावयाचे असल्यास दोन्ही तारांत सुमारे हजार ओहमांचा एकेक रोधक घालावा.

एवढे झाले की कार्यक्रम चारही खोल्यांत पोहोचतो, पण पुष्कळदा त्याच्यासोबत एक घुमाराही येतो. हा घुमारा आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेचा. दोन खोल्यांतील ॲम्प्लिफायर आपापल्या प्लगमधून भूमीशी जोडलेले असतात, आणि आवाजाच्या तारेचे जाळीदार आवरण त्या दोघांना पुन्हा एकमेकांशी जोडते. असे एक वेटोळे पुरे होते. दोन ठिकाणच्या भूसंपर्कांत किंचितही फरक असला, तरी त्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि तोच स्पीकरमध्ये घुमतो.

यावर गल्लीतला कारागीर जो उपाय करतो, तो फार सोपा आहे. प्लगची वरची जाड पिन काढून टाकावयाची. घुमारा तत्काळ थांबतो, घरचे खूश होतात आणि कारागिराची वाहवा होते. पण ती पिन घुमाऱ्यासाठी नसते, माणसासाठी असते. पुढे केव्हातरी ॲम्प्लिफायरच्या आतील आवरण झिजून २३० व्होल्ट त्याच्या धातूच्या पेटीवर आले, तर पिन शाबूत असताना प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज उडतो. पिन नसली की पेटी गुपचूप वाट पाहत राहते. स्वयंपाकघरात भांडी घासून ओल्या हाताने आवाज कमी करावयास जी गृहिणी येते, तिला हे कळावयास दुसरा मार्ग उरत नाही.

घुमारा तोडावयाचा तो आवाजाच्या तारेत. तेथे समप्रमाणाचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवावा. त्याच्या दोन वेटोळ्यांत धातूचा संबंध नसतो. आवाज चुंबकत्वाने पलीकडे जातो आणि आवरणाची वाट मात्र खंडित होते. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज थोडा खातो, पण तेवढे सोसावे. दुसरा मार्ग याहून सोपा आहे. चारही ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि खोल्यांकडे केवळ स्पीकरच्या तारा न्याव्यात; आवाज कमी-अधिक करण्यासाठी उठून जावे लागते, इतकेच. शिवाय तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असावा. आणि काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की भूसंपर्काच्या खड्ड्यात पाणी घालण्याचा विसर पडू नये, कारण कोरडी माती वीज सहज घेत नाही.

इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मानववंशशास्त्रज्ञ हाइमेंडॉर्फ यांच्या सूचनेवरून १९४०च्या दशकात तेथे दरबार भरू लागला आणि आदिवासींना आपली गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपुढे मांडता येऊ लागली. अशा मोठ्या मैदानावर एका मायक्रोफोनचा आवाज अनेक ॲम्प्लिफायरांना वाटून द्यावा लागतो. चौतीस मीटर अंतर कापावयास आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणून जवळचा आणि दूरचा कर्णा यांचे बोल एकमेकांत मिसळतात; दूरच्या कर्ण्याला तेवढाच विलंब दिला तर गाऱ्हाणे शेवटच्या रांगेतही शब्दशः कळते. तेथे वीज कधी खांबावरून येते, तर कधी जनरेटरवरून. दोहोंचा भूसंपर्क निरनिराळा असला की घुमारा ठरलेलाच. दवाने भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून जो बोलणार, त्याच्या हातात धातूचा मायक्रोफोन द्यावयाच्या आधी प्रत्येक प्लगच्या तिन्ही पिना मोजून घ्याव्यात.