मोबाइल बंद, धडा चालू
नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी शहरातील सरकारी शाळांवर राज्याच्या २०२५ च्या कायद्याने दोन कामे सोपवली: तासाला मोबाइल बंद ठेवायचे आणि समाजमाध्यमांचे भान मुलांना शिकवायचे. फोन काढून घेऊन फोनबद्दल काय शिकवणार, असे कोणी विचारेल. पण मला यात विसंगती दिसत नाही; फोनचा वापर शिक्षकाने ठरवला तर तोही शिकवतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मूल घरच्या फोनवर धडा पाही, ऐके. काय पाहायचे ते मात्र शिक्षक ठरवत. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. समाजमाध्यमांच्या नव्या धड्याने शिक्षकांवरचा भार वाढतो, हा आक्षेप मात्र रास्तच. म्हणून तो धडा शिकवण्याच्या प्रशिक्षणाचे तास शाळेच्या वेळापत्रकातच हवेत.