दिवेलागणीचा भैरव



हिंजवडीच्या सोसायट्यांमधून संध्याकाळी चक्कर मारली, तर एखाद्या खिडकीतून मुलांचे ‘स रि ग म’ कानावर येते. घर बहुधा आयटी पार्कात नोकरीला आलेल्या कन्नड, तमिळ नाहीतर तेलुगू कुटुंबाचे. आपण जरा चमकतो. रिषभ कोमल, धैवतही कोमल. हा तर आपला पहाटेचा भैरव, आणि ही मुले तो दिवेलागणीला घोकताहेत! कर्नाटक संगीतात या स्वरांना मायामाळवगौळ म्हणतात. गाण्याचा श्रीगणेशा याच स्वरांत करण्याचा पायंडा पुरंदरदासांनी घातला, असे परंपरा सांगते.

युरोपात रेनेसान्सचा बहर होता, तेव्हाचा हा रचनाकार. काळ १४८४ ते १५६४ मानतात. मायकेलँजेलो गेला तोही १५६४ सालीच. मूळ नाव श्रीनिवास नायक. धंदा सावकारीचा आणि जवाहिऱ्याचा, हात भलताच आखडता. एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी त्यांच्या दुकानी हेलपाटे घालून थकला, तेव्हा नायकांच्या पत्नीने नाकातली चमकी काढून त्याला दिली. बिचारा ती विकायला नायकांच्याच दुकानात गेला! ही कथा खरी किती, देव जाणे. पण सावकारी सुटली. विजयनगरला व्यासतीर्थांचे शिष्यत्व पत्करून नायकांचे पुरंदरदास झाले.

पदांच्या शेवटी मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. तिच्यावरूनच त्यांचा जन्म आपल्या पुरंदर गडाच्या परिसरात झाल्याचे मानले जात आले आहे. हिंजवडीचा वाहनांनी कोंडलेला शिवाजी चौक एकदाचा पार झाला, तर गड काही फार लांब नाही. कर्नाटकातल्या अभ्यासकांनी मात्र अलीकडे शिमोग्याजवळच्या तीर्थहळ्ळीकडे बोट दाखवले आहे. आपण हट्ट धरू नये. विठ्ठल तर दोघांचाही आहे.

मला अप्रूप वाटते ते त्यांच्यातल्या शिक्षकाचे. मायामाळवगौळात सा आणि रे अगदी शेजारी, मग रे ते ग लांब उडी, पुन्हा ग आणि म शेजारी. पंचमापासून वर हाच नकाशा जसाच्या तसा. खालचे अर्धे सप्तक गळ्यावर बसले, की वरचे निम्मे आलेच. मग सरळी वरसे, जंटी वरसे, अलंकार हे सरावाचे धडे, आणि त्यानंतर मलहरी रागातली छोटी गीते. मलहरीला निषादच नाही. नव्या गळ्याचे तेवढेच ओझे कमी.

पुरंदरदासांच्याच काळात व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची हा मुद्रक संगीत छापू लागला होता. जोस्काँ या रचनाकाराचे मास, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या संगीतरचना, १५०२ साली छापून निघाले. पॅलेस्ट्रिना या दुसऱ्या रचनाकाराचे पहिले पुस्तक १५५४ साली रोममध्ये आले. म्हणून त्यांचा स्वरन् स्वर आज कागदावर सापडतो. इकडे पुरंदरदासांच्या मागोमाग, १५६५ च्या लढाईनंतर, विजयनगरच लुटले गेले. पदे लाखांनी रचली म्हणतात. हाती उरली त्यांतली थोडी, आणि त्यांच्याही मूळ चाली बहुतेक हरवल्या. धडे मात्र गुरूकडून शिष्याकडे चालत राहिले. धड्यात कोण कशाला आपली कलाकुसर करील?

पदांचे तसे नाही. गदग जिल्ह्यातून येऊन पुण्याचे झालेले पंडित भीमसेन जोशी ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ गात, तेव्हा शब्द पुरंदरदासांचे आणि गायकी अस्सल किराणा घराण्याची. कन्नडचे अक्षर न कळणाऱ्या मराठी श्रोत्यांनीही ते पद डोक्यावर घेतले.