लग्नाच्या तयारीतली राहून गेलेली यादी

लग्न ठरलं की याद्या सुरू होतात. हॉल, फोटोग्राफर, आता तर सजावटीची ‘थीम’सुद्धा! आमच्या सल्ला केंद्रात बायका अल्बम घेऊन येतात. त्यात दागिने दिसतात. ते कोणी कोणाला दिले, हे फोटो सांगत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी लग्नाच्या वेळी किंवा नंतर लगेच करायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि खाली वधूवरांच्या सह्या. यादी वधूनेच ठेवायची. मागून घेतलेला हुंडा यादीत लिहिला तरी गुन्हाच. पण स्त्रीधन परत मागताना हा कागद उपयोगी पडतो. लग्नाच्या बैठकीत हा विषय आपणच काढू या.