न दुखणारं दुखणं



 राज्यातल्या दंतवैद्यांच्या या अधिवेशनात पुढच्या सत्रांत लेसर, हाडाचं कलम, डिजिटल इम्प्लांट अशा विषयांवर जाणकार बोलणार आहेत. त्यांच्या वाटणीचा वेळ मी खाणार नाही. ज्या गोष्टीला कार्यक्रमपत्रिकेत सहसा जागा मिळत नाही आणि जिच्यावाचून यातलं काहीच टिकत नाही, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. ती म्हणजे रुग्णाशी हिरड्यांविषयी बोलणं. हिरड्यांच्या आजारात हे बोलणं उपचारांतच मोडतं, आणि तेच आपण सर्वांत घाईने उरकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या ओपीडीत रोज होणारं संभाषण आठवा. पन्नाशीच्या मावशी दाढ हलते म्हणून आलेल्या असतात. आपण विचारतो, "मावशी, घासताना रक्त येतं का?" त्या म्हणतात, "येतं की. लई दिवस झाले. म्हणून तर त्या अंगाला ब्रशच लावत नाही मी." "मग आधी का नाही दाखवलं?" "दुखत नव्हतं ना डॉक्टर!" मावशींचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. अंगातून रक्त आलं की त्या जागेला हात लावू नये, हे त्यांना आयुष्याने शिकवलं आहे. हिरडी हा त्या नियमाला अपवाद आहे, हे सांगायचं काम आपलं होतं. रक्त येतं म्हणून घासणं थांबतं, घासणं थांबतं म्हणून थर वाढतो आणि थर वाढला की आणखी रक्त येतं. दाढ हलायला लागेपर्यंत हे चक्र मुकाट्याने फिरत राहतं.

दातावर साचणारा हा थर म्हणजे अन्नाचे कण असा अजूनही सर्वसाधारण समज आहे. डेल्फ्टच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने आपल्या दातांमधला पांढरट थर खरवडून स्वतः बनवलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. जंतू दिसले, पण त्यांचा हिरडीच्या सुजेशी असलेला संबंध नेटका सिद्ध व्हायला १९६५ साल उजाडावं लागलं. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथं हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. इतका स्वस्त आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकात क्वचितच झाला असेल. या टप्प्याला आपण जिंजिव्हायटिस म्हणतो. तो पूर्ण बरा होतो, आणि रुग्णाच्या स्वतःच्या हाताने बरा होतो.

प्रश्न पुढच्या टप्प्याचा आहे. हाच थर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन कीटण बनतो. बोअरच्या पाण्याने बादलीला क्षार धरावा तसा. कीटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर बसतो आणि हळूहळू हिरडीखाली सरकतो. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. ती चार, पाच, सात मिलिमीटर झाली की तिथं ब्रश पोचत नाही, प्राणवायू पोचत नाही आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जंतूंना रान मोकळं मिळतं. तरी दाताभोवतीचं हाड प्रत्यक्ष जंतू खात नाहीत. त्यांच्याशी चाललेल्या लढाईत शरीराच्याच पेशी ते विरघळवतात. हा झाला पेरिओडाँटायटिस, लोकांच्या तोंडचा पायरिया. इथं गेलेलं हाड सहसा आपणहून परत येत नाही.

थर सारखाच असूनही नुकसान सारखं होत नाही, याचा पुरावा श्रीलंकेतून आला. तिथल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० कामगारांचं १९७० पासून पंधरा वर्षं निरीक्षण केलं गेलं. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्यकीय सोयही नव्हती. हिरड्या जवळपास सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या. मात्र ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. तेव्हा "आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी ऐंशीव्या वर्षी ऊस खायचे," असं कोणी म्हणालं तर त्याला खोटं पाडू नका. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. नातू कुठल्या गटातला आहे, ते तपासल्याशिवाय कळत नाही, एवढं मात्र त्याला सांगा.

हा फरक पाडणाऱ्या कारणांत आपल्या राज्यापुरती दोन कारणं ठळक आहेत. पहिलं तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी आणली आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली. तरीही तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री आजही असंख्य घरांत दात घासायला वापरली जाते. बायकांना ती व्यसन वाटत नाही, सकाळचा नेम वाटतो. त्यामुळे "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. "दात कशाने घासता? मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारलं तरच खरं उत्तर मिळतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. धूम्रपानाने हिरडीतून रक्त येणं कमी होतं. आजार आत वाढत असतो आणि धोक्याची एकमेव खूण मात्र पुसली जाते.

दुसरं कारण मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत सतत दाह असला की साखर आटोक्यात ठेवणं कठीण जातं. २०२२ च्या कोक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरते. आकडा लहान वाटला तरी वैद्यकीयदृष्ट्या क्षुल्लक नाही. पण किती फिजिशियन मित्रांना आपण हे पत्र लिहून कळवलं आहे? त्यांच्याशी बोलण्याचं आणखी एक निमित्त म्हणजे औषधं. रक्तदाबासाठीची अम्लोडिपीन, फिटसाठीची फेनिटॉइन, किडनी बदलल्यानंतरची सायक्लोस्पोरिन यांमुळे काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. रुग्णाने अशी गोळी परस्पर बंद करायची नसते. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून मार्ग काढायचा असतो.

आता उपचारांकडे वळतो. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडाँटॉलॉजीने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत उपचारांच्या पायऱ्या नेमक्या मांडल्या आहेत. पहिल्या पायरीत रुग्णाला आजार समजावणं, घासण्याची पद्धत सुधारणं, तंबाखू आणि साखर यांवर काम करणं आणि हिरडीवरचं कीटण काढणं येतं. दुसऱ्या पायरीत हिरडीखालच्या मुळांची सफाई. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी होते. खोल खिसे उरलेच तर तिसरी पायरी म्हणजे फ्लॅप शस्त्रक्रिया आणि योग्य तिथं हाडाचं पुनर्निर्माण. त्यानंतर कायमची निगा. आपल्या अनेक दवाखान्यांत मात्र सुरुवात एका सिटिंगमधल्या स्केलिंगने होते आणि शेवटही तिथंच होतो. सोबत मेट्रोनिडाझोल आणि क्लोरहेक्झिडिनची बाटली दिली की आपण मोकळे. थराच्या आवरणात दडलेल्या जंतूंवर सफाईवाचून प्रतिजैविकाचा टिकाऊ परिणाम होत नाही, खोल खिशात गुळणीचं औषध पोचत नाही आणि त्याचे तपकिरी डाग मात्र दातांवर राहतात, हे आपल्याला ठाऊक असतं. रुग्णाला ते सांगितलेलं नसतं.

मग गैरसमज फोफावतात. "मशीनने दात साफ केले की दात हलतात," हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. त्यामागे अनुभव आहे, हे मान्य करा. हाड आधीच गेलेलं असतं आणि दात कीटणाच्या आधाराने कसाबसा उभा असतो. कीटण निघालं की तो हलताना जाणवतो. दातांमधल्या फटी कीटणाने बुजलेल्या असतात, त्या उघड्या पडतात. सूज उतरून हिरडी आक्रसते, मूळ उघडं पडतं आणि गार पाणी झोंबतं. हे सगळं स्केलिंग करण्यापूर्वी सांगितलं तर ती माहिती ठरते, नंतर सांगितलं तर सबब.

कीटण जपून काढावं, हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत दंतमुळांचे पंधरा रोग वर्णिले आहेत, आणि हिरड्यांना इजा न करता दंतशर्करा काढावी अशी सूचनाही आहे. आधुनिक काळातही मुंबईचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. सिगर्ड रॅमफियर्ड यांनी मुंबईतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलग्यांच्या हिरड्यांचा अभ्यास करून १९६१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत, ३५ ते ४४ या वयोगटातल्या दहांपैकी जवळपास नऊ जणांच्या हिरड्यांत सौम्य किंवा तीव्र दोष आढळला. एवढ्या लोकांवर शस्त्रक्रिया करायला आपण पुरे पडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. स्वीडनमधल्या कार्लस्टाड इथं ॲक्सेलसन आणि लिंदे यांनी लोकांना घासणं नीट शिकवून त्यांची नियमित तपासणी चालू ठेवली. तीस वर्षांत कुठल्याही वयोगटात माणशी सरासरी दोनपेक्षा कमी दात गेले.

इम्प्लांटच्या उत्साहात असलेल्या तरुण सहकाऱ्यांना एक सांगतो. हिरड्यांच्या आजाराने दात गेलेल्या माणसाच्या इम्प्लांटभोवतीही तसाच आजार होण्याचा धोका जास्त असतो. ज्याने दात सांभाळायला शिकवलं नाही, त्याने बसवलेला टायटेनियमचा स्क्रू किती दिवस टिकेल, याचा विचार करा.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, प्रौढ रुग्ण कुठल्याही तक्रारीसाठी आला तरी प्रोब फिरवल्याशिवाय त्याला सोडू नका. मोजणी करताना आकडे मोठ्याने, मराठीत म्हणा: "दोन, तीन, दोन, चार, पाच, सहा." तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे काळजी, एवढंच आधी सांगा. पुढचे आकडे रुग्ण स्वतःच कान देऊन ऐकतो. दोन, त्याच्या हातात आरसा आणि ब्रश द्या. ब्रश हिरडीच्या कडेला पंचेचाळीस अंशांत कसा टेकवायचा, दातांच्या फटींसाठीचा छोटा ब्रश कसा घालायचा, हे तोंडी न सांगता त्याच्याकडून करवून घ्या. सेफ्टी पिन आणि काडेपेटीच्या काडीने दात कोरण्याची सवय याच प्रात्यक्षिकाने सुटेल. तीन, या वेळेची फी लावा आणि ती बिलावर वेगळी लिहा. जे फुकट मिळतं ते किरकोळ, असंच रुग्ण समजतो. चार, महाविद्यालयांतल्या शिक्षकांना विनंती: विद्यार्थ्याने किती स्केलिंग केली हे मोजता, तसं तीन महिन्यांनी त्याच्या किती रुग्णांचं रक्त येणं थांबलं, हेही मोजा आणि त्याला गुण द्या.

अधिवेशन संपवून आपण सोमवारी दवाखाना उघडाल, तेव्हा पहिल्या रुग्णाला एवढंच सांगा: "हिरडीतून रक्त आलं तर घाबरून घासणं थांबवू नका, मऊ ब्रशने तिथंच नीट घासा, आणि आठवड्याभरात थांबलं नाही तर दुखायची वाट न बघता मला दाखवा." हे वाक्य राज्यातल्या प्रत्येक खुर्चीवरून रोज बोललं गेलं, तर हे अधिवेशन सार्थकी लागलं असं मी समजेन.